उपजत, जन्मजात की आनुवंशिक? लिहिण्याआधी काय तपासावे

‘बाळाचे पाऊल आत वळलेले असणे हा आनुवंशिक दोष आहे.’ हे वाक्य आरोग्यपत्रकात छापून एखाद्या वाडीत वाटले की पुढे काय होते, ते कोकणात राहणाऱ्याला वेगळे सांगायला नको. सुनेच्या माहेरी कोणाचे पाऊल वाकडे होते, याची चौकशी सुरू होते. खरे तर असे पाऊल घेऊन आलेल्या बहुतेक बाळांच्या घरात आधी कुणालाच हा दोष नसतो. पहिल्या काही आठवड्यांत प्लास्टर सुरू केले, तर बहुतेक पावले सरळही होतात. पत्रकात लिहायचे होते ‘जन्मजात’. लिहिणाऱ्याला दोन्ही शब्द सारखेच वाटले आणि त्यातला भारदस्त दिसणारा त्याने उचलला.

आरोग्याची किंवा शेतीची माहितीपत्रके, शाळेची हस्तलिखिते, जत्रेच्या स्मरणिका यांसाठी नव्याने लिहू लागलेल्यांना आणि इंग्रजीतून मराठी करणाऱ्यांना हा घोळ वारंवार भेटतो. शब्दकोश इथे फारसा कामी येत नाही, कारण कोशात हे शब्द एकमेकांचे अर्थ म्हणून दिलेले असतात. म्हणून आधी गोष्ट तपासावी, शब्द मागाहून.

पहिली पायरी : ‘कधी’ आणि ‘कुठून’ वेगळे करा

कागदावर तीन प्रश्न लिहा. हा गुण किंवा दोष जन्माच्या वेळी होता का? तो आईवडिलांकडून आला का? तो शिकावा लागला का? पहिल्याचे उत्तर ‘हो’ असेल तर जन्मजात. दुसऱ्याचे ‘हो’ असेल तर आनुवंशिक. तिसऱ्याचे ‘नाही’ असेल तर उपजत. एकाच गोष्टीला दोन शब्द लागू पडू शकतात, पण एक लागू पडला म्हणून दुसरा आपोआप लागू पडत नाही. सगळी गफलत इथेच होते.

गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत आईला रुबेला झाला, तर बाळ मोतीबिंदू, बहिरेपणा किंवा हृदयदोष घेऊन जन्माला येऊ शकते. हे दोष जन्मजात आहेत. आनुवंशिक मुळीच नाहीत, कारण विषाणू बाहेरून आला आणि गर्भात असताना बाधला. उलट बाजूने सिकलसेल पाहा. पालघरच्या आदिवासी पाड्यांवर काम करणाऱ्यांना हा आजार चांगला ठाऊक असतो. तो आनुवंशिक आहे, आई आणि वडील अशा दोघांकडून सदोष जनुक आले तर होतो. पण जन्मलेले बाळ ठणठणीत दिसते. गर्भातले हिमोग्लोबिन पहिले काही महिने सांभाळून घेते आणि त्रास साधारण पाच-सहा महिन्यांनंतर सुरू होतो. ‘सिकलसेलची लक्षणे जन्मजात असतात’ असे लिहिले, तर गुटगुटीत बाळाची आई तपासणीला कशाला येईल?

तिसरे उदाहरण बोटीवरच्या नोकरीचे. कोकणातली पुष्कळ मुले व्यापारी जहाजांवर जातात. डेकवरच्या कामासाठी वैद्यकीय तपासणीत रंग ओळखता येतात का हे पाहतात, कारण रात्री समोरच्या जहाजाची डावी बाजू लाल दिव्याने आणि उजवी हिरव्या दिव्याने ओळखायची असते. तिथे एखाद्या अठरा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदाच कळते की आपल्याला लाल आणि हिरवा नीट वेगळा दिसत नाही. घरचे म्हणतात, ‘आता आता झालं असेल.’ तसे नसते. लाल-हिरव्याचा नेहमी आढळणारा रंगांधळेपणा जन्मजातही असतो आणि आनुवंशिकही. मुलाकडे तो आईकडून येतो, आईला स्वतःला बहुधा सगळे रंग नीट दिसत असतात. म्हणजे दोष उशिरा ध्यानात आला म्हणून तो जन्मजात नाही, असे होत नाही. लिहिताना ‘केव्हा कळला’ आणि ‘केव्हापासून आहे’ यांसाठी दोन वेगळी वाक्ये करा.

डॉक्टरांच्या कागदावर आणखी दोन शब्द येतात आणि नवखा अनुवादक तिथे हमखास घसरतो. ‘जेनेटिक’ दिसला की ‘आनुवंशिक’ लिहिण्याची सवय सोडा. त्याला ‘जनुकीय’ म्हणा आणि पुढचे वाक्य वाचूनच आनुवंशिक आहे की नाही ते ठरवा. डाउन सिंड्रोममध्ये एकविसाव्या क्रमांकाच्या गुणसूत्राच्या दोनाऐवजी तीन प्रती असतात. बिघाड गुणसूत्रांतलाच आहे, जन्मजात आहे, पण बहुतेक वेळा आईवडिलांची गुणसूत्रे ठीक असतात आणि चूक बीजपेशी तयार होताना घडलेली असते. त्याला आनुवंशिक म्हणणे चूक. दुसरा शब्द ‘फॅमिली हिस्ट्री’. घरात तिघांना रक्तदाब आहे एवढ्यावरून सगळे रक्तातूनच आले असे ठरत नाही. तिघांची चूल एक, लोणचे एक आणि पावसाळ्यातली खारवलेली सुकी मासळीही एकच. इथे ‘घरात इतरांनाही आहे’ असे साधे लिहावे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरलाच सुरू झाला, तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यात होते. त्यात मुलांच्या तपासणीचे चार गट आहेत आणि पहिला गट जन्मतः असलेल्या दोषांचा. दुभंगलेला ओठ, वळलेले पाऊल, हृदयातले छिद्र ही मंडळी त्यात येतात. गटाचे नाव ‘जन्मतः’ वर थांबते, वंशाबद्दल काही बोलत नाही. पत्रक लिहिताना तेवढाच संयम पाळावा.

जन्मजात म्हणजे कायमचे नव्हे

हा गैरसमज ‘आजन्म’ या शब्दामुळे बळावतो. मराठीत आजन्म म्हणजे जन्मभर. ‘आजन्म अंध’ वाचून जन्मापासून अंध असे कुणी समजेल, कुणी मरेपर्यंत असे समजेल. जन्मापासून दिसत नसेल तर जन्मांध लिहा, विषय संपला. दुभंगलेला ओठ जन्मजात असतो, पण शस्त्रक्रियेने जुळतो, म्हणून तो आजन्म नसतो. जन्मखुणांचेही तेच. नवजात बाळाच्या कमरेवर किंवा ढुंगणावर दिसणारे निळसर डाग जन्मजात असतात आणि बहुतेकदा काही वर्षांत फिके होऊन जातात. याउलट अंगावरचे बहुतेक तीळ जन्मानंतर उगवतात. अर्जातल्या ‘ओळखखूण’ या रकान्यात तीळ खुशाल लिहावा, मात्र त्याला जन्मखूण म्हणू नये.

दुसरी पायरी : उपजत कुठे चालतो

उपजणे म्हणजे जन्माला येणे, उगवणे. त्यावरून उपजत. मूळ अर्थ जन्मजातच्या अगदी शेजारचा, पण वापराने दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. जन्मजात शरीराकडे, आजाराकडे आणि सामाजिक स्थानाकडे गेला. उपजत बुद्धीकडे, जाणिवेकडे आणि कौशल्याकडे गेला. म्हणून ‘उपजत हृदयदोष’ कानाला खटकते, आणि ‘जन्मजात विनोदबुद्धी’ चुकीचे नसले तरी केस पेपरवरून उचलल्यासारखे वाटते.

उपजत समजून घ्यायला मंडणगड तालुक्यातल्या वेळासच्या किनाऱ्यासारखी शाळा नाही. ऑलिव्ह रिडले कासवाची मादी वाळूत अंडी घालून समुद्रात परत जाते आणि पुन्हा ढुंकून पाहत नाही. दीडेक महिन्याने, कधी आणखी आठवडाभर उशिराने, पिल्ले वाळू बाजूला सारत वर येतात आणि थेट पाण्याकडे निघतात. त्यांना कुणी वाट दाखवलेली नसते. ही ओढ उपजत. पण तेच पिल्लू नर की मादी, हे कशाने ठरले? जनुकांनी नव्हे, घरट्यातल्या वाळूच्या उष्णतेने. वाळू जास्त तापली की माद्या अधिक, थंड राहिली की नर अधिक. म्हणजे पिल्लाचे लिंग जन्माच्या आधीच ठरलेले, म्हणून जन्मजात म्हणता येईल, पण आनुवंशिक म्हणता येणार नाही. समुद्राकडे धावणे मात्र उपजत आणि पिढ्यान्‌पिढ्या तसेच उतरणारे. तळहाताएवढेसुद्धा नसलेल्या जिवात तिन्ही शब्दांची परीक्षा होते.

आणखी एक बारकावा तिथेच कळतो. पिल्ले समुद्राला ओळखत नाहीत. ती उजळ क्षितिजाकडे जातात. किनाऱ्यामागे प्रखर दिवे लावले, तर तीच उपजत ओढ त्यांना उलट्या दिशेला नेते. तेव्हा उपजत म्हणजे अचूक असे लिहू नये. उपजत म्हणजे न शिकवता आलेले, बस.

आता ‘सहज’ कडे वळू, कारण इथे संस्कृत जाणणारेच जास्त फसतात. सह म्हणजे बरोबर, ज म्हणजे जन्मलेले. शब्दाच्या घडणीप्रमाणे जन्मजातला याहून चपखल शब्द नाही. पण मराठीत सहज म्हणजे विनासायास किंवा काही हेतू न धरता. ‘सहज आलो होतो’ म्हणणारा पाहुणा जन्माबद्दल काही सांगत नसतो, चहाची वाट पाहत असतो. जुना अर्थ सहजप्रवृत्ती, सहजप्रेरणा अशा शास्त्रीय जोडशब्दांत तेवढा टिकून आहे. तिथे तो वापरा, सुटा वापरू नका. कर्णाची कवचकुंडले मराठीत जन्मजातच.

कौतुक करताना होणाऱ्या चुका

स्मरणिकेत कलाकाराचा परिचय लिहिताना या शब्दांची नुसती खैरात होते. दशावताराचे उदाहरण घ्या. दशावतारात संवाद लिहून दिलेले नसतात. कथानक ठरते आणि रंगमंचावर नट शब्द आयत्या वेळी जुळवतो. त्याच्या हजरजबाबीपणाला उपजत म्हणणे योग्यच. पण पुढच्या ओळीत ‘दशावताराचे उपजत बाळकडू मिळाले’ असे आले की वाक्य स्वतःलाच खोडते. बाळकडू हे तान्ह्या मुलाला पाजायचे कडू औषध. ते बाहेरून, कुणाच्या तरी हाताने पाजले जाते. त्यावरून बाळकडू म्हणजे लहानपणापासून घरातून मिळालेले शिक्षण. उपजत आणि बाळकडू यांचे अर्थ परस्परविरुद्ध आहेत, एका श्वासात दोन्ही नकोत. वडिलांबरोबर रात्ररात्र जत्रा पाहिलेल्या मुलाला बाळकडू मिळाले. कुणी न शिकवता ताल पकडणाऱ्या मुलाचे लयीचे भान उपजत.

गाबीत, कोळी, खारवी यांच्या मुलांबद्दल ‘पोहणे त्यांना उपजतच येते’ असे सर्रास लिहिले जाते. माणसाच्या पिल्लाला पोहणे उपजत येत नाही. ही मुले चालायला लागल्यावर लगेच पाण्यात उतरतात आणि मोठ्यांबरोबर शिकतात. त्यांना पोहण्याचे बाळकडू असते. उपजत म्हटले की त्यामागचे शिकणे आणि शिकवणारा, दोघेही पुसले जातात.

‘जात्याच’ हा शब्द सुंदर आहे आणि हल्ली मागे पडत चालला आहे. जात्याच हुशार म्हणजे मुळातच हुशार, जन्मतः. ‘जाति’ या संस्कृत शब्दाचे हे तृतीयेचे रूप. दळायच्या जात्याशी त्याचा संबंध नाही, जरी ‘जात्यातले रडतात, सुपातले हसतात’ वाचून मुले तो लावतात. एक सावधगिरी मात्र हवी : हा शब्द एका व्यक्तीबद्दल वापरावा, समाजाबद्दल नव्हे. ‘कोकणी माणूस जात्याच काटकसरी’ हे वाक्य शंभरदा छापले गेले आहे आणि शंभरही वेळा आळसाने. दीड एकराची वरकस जमीन आणि मुंबईहून येणारी मनीऑर्डर यांवर घर चालवायचे, तर काटकसर करावीच लागते. परिस्थितीने लावलेल्या सवयीला जन्माचा शिक्का मारू नये.

‘पिंड’ हा शब्द घडणीबद्दल बोलतो. ‘त्याचा पिंड शिक्षकाचा’ म्हटले, तर तो शिक्षक म्हणून जन्मला असा दावा नाही, त्याच्या वृत्तीचे वळण सांगितले एवढेच. खात्री नसेल तेव्हा हा शब्द मदतीला येतो. ‘निसर्गदत्त’ फक्त चांगल्याला : निसर्गदत्त आवाज चालेल, निसर्गदत्त तिरळेपणा चालणार नाही. ‘खोड’ जन्माची नसते. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, या म्हणीत ती जाण्याबद्दल सांगितले आहे, आली केव्हा याबद्दल काही नाही. आणि ‘स्वयंभू’ हा शब्द गणपतीपुळ्याच्या गणपतीला शोभतो. माणसाला लावला तर अर्थ होतो गुरूशिवाय घडलेला, म्हणजे घडलेलाच, जन्मजात नव्हे.

तिसरी पायरी : जे जन्मत नाही त्याचे काय

दगड, लाकूड, यंत्र, संस्था यांना जन्म नाही, म्हणून जन्मजात आणि उपजत दोन्ही बाद. तिथे अंगभूत किंवा अंगचा. जांभ्याचा चिरा सच्छिद्र असतो, पाणी शोषतो, हा त्याचा अंगभूत गुण. पण ‘चिऱ्याचा अंगभूत कणखरपणा’ असे लिहिण्यापूर्वी खाणीवरच्या माणसाला विचारा. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, म्हणून तर त्याचे चौकोनी चिरे तासता येतात. उघड्यावर वारा-ऊन लागून तो टणक होतो. म्हणजे टणकपणा त्याला नंतर येतो. अंगभूत लिहिताना विचारायचा प्रश्न : हा गुण त्या वस्तूपासून वेगळा काढता येईल का, किंवा आधी नसून मागाहून आला का? दोन्ही उत्तरे ‘नाही’ असली तरच अंगभूत.

झाडे मधे कुठेतरी येतात, आणि हापूस तर लिहिणाऱ्याची पुरती दमछाक करतो. हापूसची कोय पेरून उगवलेले झाड हापूसच देईल याची खात्री नसते, कारण कोयीतल्या रोपात परागाकडून आलेला वाटाही असतो. म्हणून खुंटावर हापूसची काडी बांधून कलम करतात. कलम हे मातृवृक्षाचेच अंग, त्याला नवा जन्म असा नाहीच. त्याचे गुण आनुवंशिकतेच्या सोडतीतून न जाता जसेच्या तसे येतात. इथे बागायतदारांचा शब्द आहे जातिवंत : ‘जातिवंत कलम’. तोच वापरा. ‘जन्मजात हापूस’ किंवा ‘उपजत गोडी’ हे जाहिरातवाल्यांना सोडा.

साक्याबद्दलही नेमके लिहावे. फळाच्या गरात पांढरट, पोकळ, आंबट भाग होतो तो साका. लहान कैरीत तो नसतो, फळ पक्व होत येताना होतो आणि बाहेरून दिसत नाही. त्यामुळे साका हा फळाचा जन्मजात दोष नाही. साका होण्याचा कल मात्र हापूस या जातीच्या अंगचा आहे. कोकण कृषी विद्यापीठाच्या वेंगुर्ले केंद्राने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून काढलेल्या ‘रत्ना’ जातीत साका होत नाही. म्हणजे कल वंशातून येतो, दोष वाढीच्या काळात उमटतो. ‘हापूसमध्ये साका होण्याचा कल जातीतच आहे’ असे वाक्य शास्त्राला धरून आहे आणि बागायतदारालाही लगेच समजते.

मालमत्ता आणि धंदा यांच्यासाठी पिढीजात आणि वडिलोपार्जित. पिढीजात रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे), पिढीजात वैर चालते, पण ‘पिढीजात मधुमेह’ म्हटले की साखर वारसाहक्काने वाटून घेतल्यासारखे वाटते. वडिलोपार्जित म्हणजे वाडवडिलांनी कमावलेले. घर, कलमे, सातबाऱ्यावरची चाळीस नावे वडिलोपार्जित असतात, नाकाचा आकार नसतो. हक्कांसाठी जन्मसिद्ध. रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनी स्वराज्याला जन्मसिद्ध हक्क म्हटले, जन्मजात नव्हे, आणि फरक अर्थाचा आहे. हक्क अंगावर घेऊन कुणी जन्मत नाही, जन्मामुळे तो सिद्ध होतो. श्रीमंत घरात जन्मलेल्याला मराठीने गर्भश्रीमंत म्हणून आणखी नऊ महिने मागे नेऊन ठेवले आहे. त्यातला तिरकसपणा ध्यानात ठेवून तो शब्द वापरावा.

लेखनातल्या चुका

‘अनुवांशिक’ ही या विषयातली सर्वांत मोठी चूक. अनुवंश या शब्दाला इक प्रत्यय लागला की पहिल्या स्वराची वृद्धी होते : समाज-सामाजिक, निसर्ग-नैसर्गिक, तसे अनुवंश-आनुवंशिक. काना ‘अ’ वर येतो, ‘व’ वर नाही. शास्त्राचे नाव मात्र अनुवंशशास्त्र, कारण तिथे इक नाही.

‘जन्मतः’ मध्ये विसर्ग आहे. टाइप करताना अपूर्णविराम, म्हणजे दोन टिंबांचे चिन्ह, देऊ नका. दिसायला सारखे दिसते, पण शोधताना शब्द सापडत नाही. ‘जन्मतःच’ आणि ‘जन्मताच’ हेही वेगळे. बाळ जन्मताच रडले, म्हणजे जन्मल्याबरोबर. बाळाला जन्मतःच एक मूत्रपिंड होते, म्हणजे जन्मापासून. विसर्ग गळला तर दुसऱ्या वाक्याचा अर्थच डळमळतो.

जन्मजात आणि उपजत लिंगवचनाप्रमाणे बदलत नाहीत. मूळचा, अंगचा बदलतात : मूळची सवय, अंगचे कसब. मालवणीत बोलणारे पात्र असेल, तर त्याच्या तोंडी जन्मजात घालू नका. तो ‘मूळचोच तसो’ किंवा ‘जल्मापासून’ म्हणेल. ‘जन्मतःच उपजत’ अशी जोडी दिसली, तर तिच्यातला एक शब्द काढून टाका. ‘जन्मजात आणि आनुवंशिक’ ही जोडी मात्र द्विरुक्ती नव्हे. रंगांधळेपणासारख्या ठिकाणी ती पूर्ण बरोबर आहे.

छपाईला देण्यापूर्वी पानावरचे असे सगळे शब्द पेन्सिलीने अधोरेखित करा आणि प्रत्येकाच्या जागी साधे मराठी घालून वाचा. जन्मजातच्या जागी ‘जन्मापासून असलेला’, आनुवंशिकच्या जागी ‘आईवडिलांकडून आलेला’, उपजतच्या जागी ‘न शिकवता आलेला’, अंगभूतच्या जागी ‘त्याच्यातच असलेला’. वाक्य खोटे वाटले की शब्द चुकला आहे. साधे मराठीच मूळ शब्दापेक्षा चांगले वाटले, आणि आरोग्यपत्रकात ते बहुधा वाटतेच, तर तेच छापा. ‘हा दोष बाळाला जन्मापासून आहे. आईच्या किंवा वडिलांच्या घराण्यात कुणाला तो असेलच असे नाही. उपचार लवकर सुरू करा.’ वाडीत वाटायला एवढी तीन वाक्ये पुरतात.